जुळवून घेणारा

आमच्या घरातला रोबो मुलांशी जुळवून घेतो. खोक्यावरच तसं छापलंय. आईबापांबद्दल त्यावर अवाक्षर नाही, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही.

तो समोरच्या पोराचा चेहरा निरखतो, उत्तराला किती वेळ लागला ते बघतो आणि कंटाळा दिसला की विषय बदलतो. चिरंजीवांनी ही गोम पहिल्याच आठवड्यात हेरली. आता बेरजा निघाल्या की ते असा सुतकी चेहरा करतात की रोबो घाईघाईने राक्षसाची गोष्ट सुरू करतो. शिकवणी जोरात चालू आहे. विद्यार्थी तेवढा रोबो आहे.

माझं दुखणं वेगळंच. मुलांचा आवाज उंच पट्टीतला, उच्चार बोबडे, वाक्यं अर्धवट. मोठ्यांच्या बोलण्यावर तयार झालेली यंत्रं तिथे अडखळतात. हा पठ्ठ्या मात्र खास पोरांसाठी घडवलेला. मी खर्जात ‘बंद हो’ म्हटलं की ‘पुन्हा सांगशील का?’ असं प्रेमाने विचारतो. शेवटी मी दार लावून घेतो आणि बारीक आवाजात ‘बंद हो ना ले’ म्हणतो. लगेच होतो.

शिवाय तो मुद्दाम चुकतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात संशोधकांनी ‘नाओ’ या 58 सेंटिमीटरच्या रोबोला गचाळ अक्षर काढायला लावलं होतं. मुलं गुरुजी होऊन ते सुधारायची आणि त्या नादात स्वतःही गिरवायची. फार सुंदर कल्पना! मी चुकलो की मात्र घरात तिला कोणी शिक्षणपद्धती म्हणत नाही.

पण मला खरा जवळचा वाटतो तो ओसाकातला रोबो. तिथल्या मॉलमध्ये पोरं त्याची वाट अडवायची, त्याला बदडायची. मोठी माणसं जवळ नसली की जास्तच. मग जपानी संशोधकांनी त्याला पळायला शिकवलं. आता मार बसणार असा अंदाज आला की त्याने उंच माणसांच्या दिशेने सटकायचं, कारण 1.4 मीटरच्या वरचा माणूस बहुधा मोठा असतो. हे काम 2015 साली प्रसिद्ध झालं.

परवा आमचा रोबो गडगडत माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पाठोपाठ पळी उगारून चिरंजीव. मी 1.4 मीटरच्या बराच वर आहे, पण पळी बघून मीही हळूच बायकोच्या दिशेने सरकलो. उंचीने ती माझ्याहून कमी आहे. ओसाकावाल्यांनी हे गणित अजून मांडलेलं नाही.