पीएचडीला कोण येतं? ‘हिंजवडीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

हिंजवडीकर, नमस्कार.

कम्प्युटर सायन्समध्ये एमटेक आणि पीएचडी का करावी, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “मॅडम, नोकरी मिळाली नाही की लोक विद्यापीठात जाऊन बसतात. मी पाच वर्षं डेव्हलपर आहे, एकदाही प्रमेय सिद्ध करावं लागलं नाही. पेपर तर पैसे देऊन छापून मिळतात. फेलोशिप महिनोन्‌महिने येत नाही, हेही लिहा की.”

फेलोशिप रखडते, हे तुमचं म्हणणं मान्य. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळालेल्याला 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 मिळतात, पण ते दर महिन्याला खात्यावर पडतीलच असं नाही. यावर स्वतंत्र लिहायला हवं.

पण तुमचं पहिलं वाक्य मी सोडणार नाही. ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत, त्यांची लायकी एका ओळीत ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? आमच्या डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसलेल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला हेच तोंडावर म्हणाल का? टीका करायला कुणाची ना नाही. सुरुवातीला ‘मॅडम’ म्हटलं म्हणून पुढचं सगळं सभ्य ठरत नाही.

माझंच सांगते. मी हिंजवडीतच होते. नोकरी कायम होती, ऑनसाइटचं बोलणं चाललं होतं, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता सुरू होता. आमची टीम एका ग्राहकासाठी बसफेऱ्या आणि चालकांच्या पाळ्या लावणारी प्रणाली करत होती. फेऱ्या थोड्या वाढवल्या की प्रोग्रॅम रात्रभर चालायचा आणि सकाळीही उत्तर नसायचं. मॅनेजर म्हणायचे, सर्व्हर वाढवा. वाढवले. आणखी फेऱ्या आल्या आणि परत तेच. हे का होतंय, असं मी मीटिंगमध्ये विचारलं तर ‘डेडलाइन बघा’ एवढंच ऐकायला मिळालं. त्या खोलीत अनुभवी माणसं कमी नव्हती. पण का, हे एकालाही सांगता येत नव्हतं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं.

मी राजीनामा दिला, गेट ही एमटेकची प्रवेशपरीक्षा दिली आणि एमटेकला आले. गेटवाल्यांना तेव्हाही पगाराच्या मानाने तुटपुंजी शिष्यवृत्ती मिळायची. आज ती महिना 12,400 रुपये आहे. औंधात खोलीचं भाडं किती आहे ते तुम्ही जाणताच. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. याला नोकरी न मिळणं म्हणतात का?

अल्गोरिदमच्या तासाला एक दिवस सरांनी सेट कव्हर नावाचा प्रश्न शिकवायला घेतला आणि मला आमच्या बसफेऱ्या समोर दिसायला लागल्या. सगळ्या फेऱ्या भागतील अशा कमीत कमी पाळ्या निवडायच्या, म्हणजे हाच प्रश्न! रिचर्ड कार्प यांनी 1972 साली जे 21 प्रश्न एनपी-कम्प्लीट (म्हणजे एका विशिष्ट अर्थाने अवघड) असल्याचं सिद्ध केलं, त्यांत तो आहे. अशा प्रश्नाचं अचूक उत्तर दर वेळी झटपट काढून देणारी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही. आम्ही सर्व्हर विकत घेत होतो आणि गाठ पडली होती ती याच्याशी. पण त्याच प्रश्नाला साधी ग्रीडी पद्धत लावली, म्हणजे दर वेळी उरलेल्यांतल्या जास्तीत जास्त फेऱ्या भागवणारी पाळी उचलली, तर येणारं उत्तर सर्वोत्तमाच्या फार तर साधारण लॉग एन पट (एन म्हणजे फेऱ्यांची संख्या) वाईट असेल, याची हमी देता येते. ती हमी म्हणजेच एक प्रमेय. तुम्हाला पाच वर्षांत ते सिद्ध करावं लागलं नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी विद्यापीठात ‘जाऊन बसून’ ते सिद्ध करून ठेवलंय. दुसऱ्या मुद्द्याला माझं एवढंच उत्तर आहे.

आणि माझ्या एकटीचं राहू द्या. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाता, ठरवता येतं, हे 2002 साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं. त्यातल्या कयाल आणि सक्सेना यांचं बीटेक तेव्हा नुकतंच झालं होतं, आणि दोघं तिथेच पीएचडीला राहिले. सैद्धांतिक कम्प्युटर सायन्समधलं मानाचं गोडेल पारितोषिक 2006 साली त्या कामाला मिळालं. त्यांनाही नोकरी मिळत नव्हती असं म्हणायचंय का तुम्हाला?

माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी नगरच्या कॉलेजात पूर्णवेळ शिकवते. शनिवारी पहाटेची एसटी धरते, दिवसभर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसते, संध्याकाळी मला तिचं काम दाखवते आणि रात्री घरी पोचते. तुमची प्रतिक्रिया तिनंच मला पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता. असेल कुणी नोकरीअभावी आलेला; अशांची तुम्ही मोजदाद केली असेल तर पाठवा.

पेपरांबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. शिवाय आमच्या विषयात खरं वजन परिषदांना असतं. एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक कम्प्युटर सायन्सची परिषद भारतात 1981 पासून भरते. तिथं पेपर तपासून घेतात, पैसे बघून नाही. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं मला काही वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे. फेलोशिपवरचा लेख याच महिन्यात टाकते. त्यावर जरूर लिहा. पण माझ्या विद्यार्थ्यांबद्दल पुन्हा या भाषेत लिहिलंत तर ते प्रसिद्ध होणार नाही.