‘स्टॉक पिस्तुलावर मुलगी मागेच राहील’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतरांसाठी थोडक्यात: १० मीटर एअर पिस्तुलावरच्या लेखात मी म्हटलं होतं की, कंपनीतून आलेल्या मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलावर सुरुवातीची काही वर्षं ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, सोडून फारसा खर्च करू नये. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा ‘आहे त्यात भागवा’ छाप सल्ला आहे. तुमची मुलगी ६०० पैकी ५४०च्या आसपास अडकली आहे. तिच्याच रेंजवरच्या ५६०वाल्यांकडे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आहे, बॅरलखाली वजनं आहेत. आणि ग्रिपवर कानस चालवायला सांगणं म्हणजे, सेकंडहँड का असेना, लाखाच्या वस्तूचं वाटोळं करणं.

आधी ते ५४० उलगडून बघू. ६० शॉटमध्ये ५४० म्हणजे सरासरी ९, पण सगळेच नऊ कुणी मारत नाही. समजा १८ दहा, २८ नऊ, १० आठ आणि ४ सात. बेरीज ५४०. आता एकही नवा दहा न मारता फक्त आठ आणि सात यांचे नऊ केले, तर स्कोर होतो ५५८. म्हणजे तुम्हाला हवे असलेले बहुतेक गुण त्या चौदा शॉटमध्ये अडकलेले आहेत. मग प्रश्न एवढाच, की सात येतो कुठून? पिस्तुलातून येत नाही. चांगल्या अवस्थेतलं मॅच पिस्तूल शिकंज्यात पकडून बरे छरे मारले, तर १० मीटरवर भोकं एकमेकांवर पडतात. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, त्याच्या आत सगळा ग्रुप आरामात मावतो.

सात येतो साइट अलाइनमेंट, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटची जुळणी, बिघडल्याने. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असतं. मनगट न वळता सगळं पिस्तूलच एक मिलिमीटर बाजूला सरकलं, तर छराही टार्गेटवर एक मिलिमीटरच सरकतो, दहा तसाच राहतो. पण मनगट किंचित वळलं आणि फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कडेला गेली, तर १० मीटरवर तोच फरक जवळपास २९ मिमी होतो. केंद्रापासून २९ मिमी म्हणजे सात. मुलीचा हात हलतो म्हणून तुम्ही काळजीत आहात, पण हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकमधल्यांचाही. महाग पडतं ते मनगटाचं वळणं, आणि मनगट कसं बसेल हे ठरवते ग्रिप.

म्हणून मी ग्रिपवर अडून बसलो आहे. एक तपासणी आजच करा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, रेंजवरच टार्गेटच्या दिशेने तिला नेहमीसारखी पकड घेऊ द्या. डोळे मिटून हात उचलायचा, स्थिर करायचा, मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसली तर उत्तम. दरवेळी डावीकडेच किंवा वरच दिसत असेल, तर प्रत्येक शॉटला ती मनगटाने दुरुस्ती करते आहे. ६० शॉटमधल्या पहिल्या वीसला ती जमते, चाळिसाव्यानंतर मनगट थकतं आणि तिथे तुमचे सात बसलेले सापडतील. मॅचचे प्रिंटआउट जपून ठेवले असतील तर सीरिजप्रमाणे (दहा-दहा शॉटचे गट) लावून बघा.

आता कानशीबद्दल. अनेक पिस्तुलांना ग्रिपचा कोन बदलायचे स्क्रू असतात, तळव्याखालची पट्टी खालीवर होते. आधी ते वापरून बघावं. त्यानंतर जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरायची, जिथे हाड टोचतं तिथेच कानस आणि पॉलिश पेपर. आधी पुट्टीच, कारण ती काढता येते. घासलेलं लाकूड परत येत नाही. भीती वाटत असेल तर जुनी, टाकाऊ ग्रिप मिळवून तिच्यावर हात बसवा. नियम मात्र डोळ्यांसमोर ठेवा: पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, आणि उत्साहाने पुट्टी थापणाऱ्यांची गाडी नेमकी त्या ५० मिमीवर अडते. ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये. आणि मुंबई-कोकणातल्या दमटात तळव्याला घाम सुटतो, तेव्हा गुळगुळीत पॉलिशपेक्षा खरखरीत पोत परवडतो. हे सगळं मिळून होणारा खर्च तुम्ही विचारलेल्या वजनांच्या सेटपेक्षा कमी आहे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला असतो, नाही म्हणत नाही. ट्रिगर सुटण्याचा क्षण स्वच्छ असतो, ड्राय प्रॅक्टिसला (छरा न भरता केलेल्या सरावाला) सोपा पडतो. पण बहुतेक कंपन्यांत ते वेगळं मॉडेल असतं, जुन्या पिस्तुलाला लावायचा भाग नसतो. तेव्हा तुम्ही ज्याला अपग्रेड म्हणता ते खरं तर दुसरं पिस्तूल आहे. शिवाय ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजनाचा असण्याचा नियम दोन्हींना सारखाच. तुमच्या मेकॅनिकल ट्रिगरला पहिला टप्पा, दुसरा टप्पा, ट्रिगरची जागा, कोन हे सगळं ॲलन कीने बदलता येतं, फुकटात. पंधरा-सोळाच्या मुलींची बोटं बऱ्याचदा आखूड असतात. ट्रिगर जागेवर नसेल तर बोट मागे न ओढता बाजूला ढकलतं, आणि ते मनगटाच्या दोषासारखंच दिसतं. ट्रिगरचं वजन ५००ला अगदी काटेकोर ठेवू नका, ५१५-५२० असू द्या. मॅचनंतरच्या अचानक तपासणीत ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं नाही तर सगळी मेहनत बाद होते. चाचणीचं वजन विकत घ्या, किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घ्या आणि सोनाराच्या काट्यावर तपासा.

बॅरलखालच्या वजनांबद्दल: पूर्ण पिस्तुलाची मर्यादा १५०० ग्रॅम आहे म्हणून तिथवर जायचं नसतं. आधी २०-३० ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटपट्टीने लावून महिनाभर मारू द्या. शेवटच्या दोन सीरिज खाली घसरल्या तर काढून टाका. वाढत्या वयात खांदा दुखावून घेण्यात काही हशील नाही.

माझ्या बाजूने बोलणाऱ्या काहींनी पॅरिस ऑलिंपिकमधल्या तुर्की नेमबाज युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो तुम्हाला उत्तर म्हणून चिकटवला आहे. तो पुरावा होत नाही. मोकळा हात खिशात बरेच जण ठेवतात, आणि त्याच्या हातातलं पिस्तूल इतरांसारखंच पक्कं मॅच पिस्तूल होतं.

उदाहरण द्यायचंच तर टोकियो ऑलिंपिकचं देईन. २०२१ मध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या जागी राहिली. त्याच मनूने २०२४ला पॅरिसमध्ये दोन कांस्यं जिंकली. यातून इलेक्ट्रॉनिक वाईट असं मी काढत नाही. सुटे भाग आणि ते बदलता येणं याला पैसे ठेवा, एवढंच काढतो. तुमच्याकडे जादा सील, जादा फ्रंट साइट, हवेचं दुसरं सिलिंडर आहे का? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही.

आणि सेकंडहँड म्हणालात म्हणून: सिलिंडरवर छापलेली तारीख आज रात्रीच बघा. कंपनीने ठरवलेली मुदत (बहुतेकदा दहा वर्षं) उलटली असेल तर तुमचा पहिला खर्च ठरलेलाच आहे. २०० बार दाबाची हवा मुलीच्या हातात असते, आणि मुदत संपलेलं सिलिंडर लावून मॅचला उभं राहता येत नाही.