कृपया आपण कोण ते सांगा

माझ्याकडे संगणक तीन आहेत आणि बोटे दहाच, त्यामुळे तिन्ही संगणकांनी या दहा बोटांच्या सवयी सांभाळाव्यात, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. व्हिम या मजकूर लिहिण्याच्या प्रणालीत, म्हणजे संगणकी संपादकात, मजकूर लिहून झाला की एस्केप दाबावे लागते, नाहीतर पुढची आज्ञाही मजकुरातच उमटते, आणि ती कळ कळफलकाच्या पार कोपऱ्यात बसलेली असते. म्हणून 'जे' आणि 'के' लागोपाठ दाबले की एस्केप समजावे, अशी एक ओळ मी व्हिमआरसी या व्हिमच्या मांडणीच्या फाइलीत लिहून ठेवली. सोय झाली खरी, पण ज्या संगणकावर ती ओळ नसे, तिथे माझ्या प्रत्येक मजकुराच्या शेवटी 'जेके' उमटू लागले. एकदा तापाने फणफणलेला असताना मी इंग्रजीत रजेचा अर्ज लिहिला. जतन करण्यासाठी दाबलेले 'कोलन डब्ल्यूक्यू' अर्जातच उतरलेले पाहून मी ते खोडले, 'जेके' मात्र नजरेतून सुटले. आजकालच्या मुलांच्या भाषेत त्याचा अर्थ 'गंमत केली' असा होतो, हे मला साहेबांकडून कळले.

तेव्हापासून तिन्ही संगणकांवर एकच फाइल ठेवायची, असा मी निश्चय केला. आरंभ पेनड्राइव्हने झाला. लिनक्स ज्यातले, त्या युनिक्स घराण्याच्या संगणकप्रणालींत नावाआधी ठिपका असलेली फाइल यादीत दिसतच नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला मी सगळे काही नेले आणि नेमकी तीच मागे राहिली. दुसऱ्या खेपेला विंडोजवरची फाइल लिनक्सवर नेली, तेव्हा पडदाभर चुकांची रांग लागली. 'ई४९२' या क्रमांकासह संपादक सांगत होता की '^एम' नावाची आज्ञा त्याला ठाऊक नाही. मलाही ती ठाऊक नव्हती. बऱ्याच शोधाशोधीनंतर उलगडा झाला, तो असा की ओळ संपली हे सांगायला लिनक्स एक अदृश्य चिन्ह वापरते आणि विंडोज दोन; '^एम' हे त्यातले जादाचे. टेलिप्रिंटरच्या काळात एका चिन्हाने छपाईचा गाडा डावीकडे परते आणि दुसऱ्याने कागद वर सरके. गाडा गेला, कागदही गेला, पण चिन्ह माझ्या नशिबी राहिले. ते खोडावे म्हणून फाइल उघडली, तर व्हिमने ती विंडोजच्या वळणाची आहे हे ओळखून सगळी '^एम' अदबीने झाकून ठेवली आणि तळाशी बारीक अक्षरांत तेवढे '[डॉस]' लिहिले. ज्या फाइलीविरुद्ध तक्रार करायची तिलाच निष्कलंक दाखवायचे, याला काय म्हणावे?

मग फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारे आणि संगणकासंगणकांत जुळवणारे गिट आले. लिनक्सच्या गाभ्यावर जगभरातून चालणारे काम सांभाळता यावे म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते घडवले आणि मी ते एका माणसाच्या एका फाइलीला जुंपले. हजारोंचे एकमत घडवणारे हे साधन माझे माझ्याशी एकमत घडवू शकले नाही. कचेरीतल्या मी समासासाठी चार जागा सोडल्या होत्या, घरातल्या मी दोन. गिटने दोन्ही ओळी एकमेकींसमोर उभ्या करून निवाडा मागितला. मी तडजोड म्हणून तीन लिहिले आणि मग तिन्ही संगणकांवर सारखाच अस्वस्थ होऊ लागलो.

गेल्या आठवड्यात जुना लॅपटॉप मोडीत निघून त्याच्या जागी नवा आला. त्यावर मी गिटमधले फाइलींचे सगळे भांडार उतरवून घेतले, समास पुन्हा चारवर आणला आणि त्या बदलाची नोंद करू गेलो, तर गिट म्हणाले, 'कृपया आपण कोण ते सांगा.' इतक्या वर्षांच्या सहवासानंतर हा प्रश्न मनाला लागला, तरी मी नाव आणि पत्ता मुकाट्याने सांगितला. नोंदीचा मजकूर लिहिण्यासाठी व्हिम उघडला. भांडारातली व्हिमआरसी, व्हिम ती जिथे शोधतो त्या जागी जोडायची अजून राहिलीच होती, हे त्या घाईत ध्यानात आले नाही. मी मजकूर लिहिला, सवयीने बोटे चालवली, भलतीकडे उमटलेले 'कोलन डब्ल्यूक्यू' खोडले आणि नोंद पाठवून दिली. उरलेल्या दोन्ही संगणकांनी ती निमूटपणे उतरवून घेतली आहे: 'यापुढे सर्व संगणकांवर मांडणी एकच राहील जेके'.