चिआरी टाइप दोनमध्ये ‘बाकी मेंदू ठीक’ नसतो

‘चिआरीत लहान मेंदूचं टोक कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरतं, बाकी मेंदू ठीकच असतो’ हे चिआरी या मेंदूच्या व्यंगावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य त्याच्या टाइप एकला बहुतेकदा चालेल, टाइप दोनला नाही. माझा पुतण्या टाइप दोनचा, पाठीवर गाठ घेऊनच जन्मला. एमआरआयमध्ये मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, अर्धवटच. आतल्या पाण्याच्या पोकळ्याही फुगलेल्या. जादा पाणी काढून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवलाय. राजारामपुरीतला आमचा न्हावी कानामागच्या नळीपाशी आला की मशीन ठेवतो आणि कात्री घेतो.

पोरगं बोलायला एकदम तरबेज, पण मेंदूतल्या या फरकांमुळं शर्टाची बटणं लावताना रडकुंडीला येतंय. शाळेत वर्षभर आळशी म्हणून ओरडा खाल्ला त्यानं. टोक किती खाली उतरलं की चिआरी म्हणायचं, त्याचं पाच मिलिमीटरचं माप लेखात दिलंत, तिथंच हेही दोन ओळीत लिहायचं की!