बॅटरी काढून विझवायचा हा दिवा नव्हे

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. गाडीचे चित्र आणि तिच्याखाली दोन नागमोडी रेघा असलेला पिवळा दिवा मीटरवर लागला तर घाबरू नका, असे तो सांगतो. हा दिवा ईएससीचा (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल), म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा असतो. संदेशाच्या मते रस्ता निसरडा असल्याची ती नुसती सूचना आहे. बॅटरीचे टर्मिनल दहा मिनिटे काढून ठेवले की दिवा जातो आणि तरीही गेला नाही तर यंत्रणा बंद करणारे ‘ऑफ’चे बटण दाबावे. शिवाय ही यंत्रणा बर्फाच्या देशांसाठी असून आपल्याला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी व्यवस्था) पुरे आहे, आणि गॅरेजवाला सेन्सरच्या नावाखाली लुटणारच, तेव्हा ब्रेक लागत आहेत तोवर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत गाडी खुशाल चालवावी, असा त्याचा समारोप असतो. यातले काही दावे अर्धे खरे आहेत, म्हणून तो पटतो. पण त्याचा सल्ला पाळणारा माणूस दोष शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग स्वतःच्या हाताने बंद करतो.

पहिला दावा निसरड्या रस्त्याचा. दिवा लुकलुकत असेल तर तो खरा आहे: चाक घसरू लागले, यंत्रणेने हस्तक्षेप केला आणि क्षणभराने दिवा विझला, तर सगळे ठाकठीक असून चालकाने फक्त वेग कमी करायचा असतो. सतत पेटून राहिलेला दिवा मात्र रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही. यंत्रणेला स्वतःत दोष सापडला आहे आणि तिने काम थांबवले आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. गाडीचे इग्निशन चालू केल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा, आणि जुनी गाडी विकत घेताना तो मुळीच लागत नसेल तर खरेदीदाराने अधिकच सावध व्हावे, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर दिवा लागतो, हा अनुभव अनेकांना आहे. पण तो रस्ता ओला असल्यामुळे नव्हे, तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर जिथे जोडते त्या कपलरमध्ये पाणी शिरल्यामुळे लागतो. तो वाळल्यावर दिवा कदाचित जाईलही, पण आतल्या पिनांवर हिरवट थर धरू लागला असेल तर तो पुन्हा लागणारच.

दुसरा दावा बॅटरी काढण्याचा. तो सर्वांत घातक, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. यंत्रणेला चारही चाकांच्या वेगाचे सेन्सर, स्टिअरिंग किती वळले ते सांगणारा सेन्सर आणि गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे ते मोजणारा सेन्सर माहिती पुरवतात, आणि यांपैकी एकाचीही माहिती विसंगत आली तर यंत्रणा त्या दोषाचा कोड साठवून दिवा लावते. बॅटरी काढल्याने काही गाड्यांत हा कोड पुसला जातो, पण दुखणे जागेवरच राहते. काही अंतर गेल्यावर दिवा परत येतो, किंवा दोष अधूनमधून येणारा असेल तर तो पुढे कधीतरी, नेमका अडचणीच्या वेळी उपटतो. त्यातच अनेक गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिअरिंगच्या सेन्सरला सरळ स्थिती कोणती हेच आठवत नाही, आणि आधी नसलेल्या कारणाने तोच दिवा लागतो. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून गाडी थोडी सरळ चालवली की बऱ्याच गाड्या सावरतात, उरलेल्यांत ती सरळ स्थिती स्कॅनरवरून, म्हणजे गॅरेजमधल्या कोड वाचणाऱ्या उपकरणावरून, पुन्हा ठरवून द्यावी लागते. बॅटरीच अशक्त झाली असेल तर कमी व्होल्टेजमुळेही हा दिवा लागू शकतो, हे खरे. मात्र तेव्हा बॅटरी तपासायची असते, नुसती काढून परत जोडायची नसते.

कोड वाचताना एक काळजी घ्यावी. गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये बसवून मोबाइलला जोडायची स्वस्त ओबीडी उपकरणे बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतात, त्यामुळे त्यांवर ‘दोष नाही’ असे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. एबीएसच्या मॉड्यूलशी, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकाशी, बोलणारा स्कॅनर लागतो. जाणता मेकॅनिक कोड पाहून थांबत नाही. तो गाडी हळू चालवायला सांगून चारही चाकांचे वेग पडद्यावर शेजारी शेजारी पाहतो, आणि तीन आकडे एकसारखे चढत असताना चौथा मध्येच शून्यावर कोसळला की त्या चाकाकडे जातो. तिथेही दर वेळी सेन्सरच खराब असतो असे नाही. खड्ड्यात आपटून क्लिप तुटलेली वायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासत असते, बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो, सेन्सर ज्या रिंगकडे पाहतो तिला गंज चढलेला असतो, आणि तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये घुशी-उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे तर मुंबईचे खास कारण आहे.

गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी एवढे तपासता येते: टायरांमधली हवा, एखाद्या चाकाला लहान मापाची स्टेपनी लावली आहे का, आणि ब्रेक ऑइलची पातळी. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून-सोडून भिंतीवरचा लाल उजेड आरशात पाहावा. पाय काढल्यावरही तो राहिला किंवा पाय दाबूनही आला नाही, तर पेडलवरचा ब्रेक स्विच बिघडलेला असू शकतो, आणि अनेक गाड्यांत तेवढ्यानेही हा दिवा लागतो. शेजारी इंजिनचा दिवाही लागला असेल तर मूळ दोष इंजिनमध्ये असू शकतो, कारण घसरताना इंजिनची ताकद कमी करणे हे या यंत्रणेचे अर्धे काम आहे आणि इंजिनवर विश्वास उरला नाही की ती स्वतःहून बाजूला होते.

‘ऑफ’च्या बटणाबद्दल फार लिहायला नको. ते दोष घालवत नाही. चिखलात किंवा वाळूत रुतलेले चाक फिरवून बाहेर काढण्यासाठी ते दिलेले आहे.

बर्फाचा मुद्दा इतिहासालाही धरून नाही. १९९५ साली मर्सिडीझने बॉशच्या साथीने ही यंत्रणा बाजारात आणली, पण ती घरोघरी माहीत झाली १९९७ साली, जेव्हा स्वीडनमध्ये अचानक वळण घेण्याच्या चाचणीत मर्सिडीझची ए-क्लास उलटली. तो रस्ता बर्फाचा नव्हता. त्यानंतर कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ही यंत्रणा दिली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ती गाडीत असावीच लागते. एबीएस केवळ चालकाने ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ देत नाही; ही यंत्रणा चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही काम करते. ईस्टर्न फ्रीवेच्या ओल्या वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरते, आणि गाडी वळायला नकार देऊन सरळ जाऊ लागली तर आतल्या बाजूचे मागचे. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणे कितीही निष्णात चालकाला पायाने जमणारे नाही.

राहिला लुटीचा आरोप. तो सर्वस्वी निराधार नाही, कारण कोड न दाखवता थेट सेन्सर बदलणारी गॅरेजे आहेत. त्यावर उपाय गॅरेज टाळणे हा नसून कोडचा फोटो आणि चाकांचे आकडे मागणे हा आहे, आणि पुसून टाकलेला कोड ग्राहकालाही मागता येत नाही. हाच एक पिवळा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक चालतात, हे संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. वेग आवरून, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून गॅरेजपर्यंत जाता येते, मात्र पावसात घाटाचा बेत पुढे ढकलावा. एबीएसचा दिवाही सोबत लागला असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात, हे ध्यानात ठेवून लवकरात लवकर तपासणी करावी. आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला असतानाही ब्रेकचा लाल दिवा पेटलेला असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. तेव्हा गाडी बाजूला घेऊन टोइंगला फोन करावा, मग गॅरेज पुढच्याच सिग्नलला का असेना.