पाटल्यांची गोष्ट खोटी होती

मागच्या महिन्यात आजीवर लिहिलेली पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली. नातीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आजीनं हातातल्या पाटल्या मोडल्या, ती. 'डोळे पाणावले ताई'चा नुसता पाऊस पडला होता.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. "झ्याक लिहिलीयास. पण त्या पाटल्या आईनं माझ्या लग्नात मला घातल्या. आत्ताबी हातातच हायत माझ्या." आणि ठेवला.

मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण ठाऊक होतं. 2006 साली माझी फी काकांनी भरली, उसाच्या बिलातून. कॉलेजच्या खिडकीपुढं रांगेत उभं राहून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या, बोटाला थुंकी लावत दोनदा मोजल्या, पावती माझ्या हातात दिली. "नीट ठेव, हरवशील." एसटी चुकेल म्हणून चहासुद्धा घेतला नाही. पुढं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि बाबांचं बिनसलं. नऊ वर्षं येणंजाणं बंद. काकांना पोस्टमध्ये आणलं असतं, तर विहीरही आणावी लागली असती. आजी आता नाही, ती हरकत घेणार नव्हती. शिवाय पाटल्या मोडणाऱ्या आजीला रडणारे वाचक तयारच असतात. फॉरवर्डमधली आई कशी कायम उपाशीच झोपते, तसंच हे.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' परत काढून बसले. पहिला भाग 1934 चा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही आपण सोवळंओवळं कसं धरून बसलो होतो, हे बाई स्वतःच सांगतात, तेही स्वतःला हसत. दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' 1978 चं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण आपणच आपल्यापुढं उभं राहायचं, आणि बायकोवर घेतलेला संशयसुद्धा सांगून टाकायचा. या दोघांवर माझा विश्वास बसतो तो अशा जागी, जिथं ते स्वतःला वाचवत नाहीत. माझ्या पोस्टमध्ये मी कुठंच अडचणीत नव्हते. छान नात होते, बस्स.

आत्याकडं पाटल्या होत्या म्हणून तिला कळलं. तुम्ही नुसत्या माझ्या शब्दावर रडलात. ते मला जास्त लागलंय.

ती पोस्ट काढलेली नाही, वर दुरुस्ती जोडली आहे. त्याआधी काकांना फोन केला. हो, नऊ वर्षांनी. तुमच्याबद्दल लिहू का, विचारलं. बराच वेळ मागं मोटारीचा आवाज येत होता.

"लिही की. फक्त आकडा घालू नगंस. तुझ्या काकीला अजून ठाव न्हाई."

म्हणून आकडा घातलेला नाही.