कानपूरचा संगणकशास्त्र विभाग नेमका कधी जन्मला?

आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी विभागाच्या स्थापनेचे वर्ष कागदोपत्री १९८४ आहे. स्वतंत्र विभाग म्हणून त्याला मान्यता मिळाली ते हे वर्ष, त्यामुळे ते चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु अनेक वर्षे संगणकशास्त्र शिकवण्यात घालवलेला एक शिक्षक म्हणून मला मनापासून वाटते की, या विभागाचा इतिहास १९८४ पासून सांगितला तर त्यातला सर्वांत मोलाचा भाग गळून पडतो. त्या विभागाचा जन्म त्याआधी एकवीस वर्षे, ऑगस्ट १९६३ मध्ये, आयबीएम १६२० हे संगणकयंत्र कानपूरला सुरू होऊन त्यावर अभ्यासक्रम चालू झाले तेव्हाच झाला होता.

त्या काळी देशात संगणक मुळीच नव्हते असे नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पन्नासच्या दशकातच परदेशी यंत्रे आली होती आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधून १९६० मध्ये चालू केला होता, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ही यंत्रे संशोधनासाठी होती. कानपूरने यंत्र आणले ते शिकवण्यासाठी, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक इथेच पडतो.

१९५९ साली एका उपाहारगृहाच्या इमारतीत सुरू झालेल्या या संस्थेला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांचे साहाय्य मिळाले होते. बर्कलीहून आलेले हॅरी हस्की यांनी संगणकाचे पहिले अभ्यासक्रम उभे केले. एनिअ‍ॅक या आद्य इलेक्ट्रॉनिक संगणकावर काम केलेला आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या संगणकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकाच्या सहवासात संगणक घडवायला शिकलेला हा माणूस गंगेकाठच्या गिरण्यांच्या शहरात येऊन विद्यार्थ्यांना फोरट्रान ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकवण्याची घडी बसवतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्याच सुमारास प्रा. एच. एन. महाबला आणि विस्कॉन्सिनहून पीएचडी करून आलेले प्रा. व्ही. राजारामन यांनी ते काम पुढे नेले. फोरट्रान ही भाषा केवळ विद्युत अभियांत्रिकीच्या नव्हे, तर स्थापत्य, यांत्रिकी, रसायन अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाऊ लागली. बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी आणि अभियंत्यांसाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग भरत, आणि तिथे शिकून गेलेली माणसे आपापल्या संस्थांत जाऊन इतरांना शिकवत.

या वर्गांच्या टिपणांमधून राजारामन यांचे आज्ञावलीलेखनावरचे (प्रोग्रॅमिंगवरचे) पुस्तक तयार झाले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची किंमत १५ रुपये होती. मुद्दाम स्वस्त ठेवलेल्या अशा पुस्तकाने जेवढे विद्यार्थी घडवले तेवढे क्वचितच एखाद्या प्रयोगशाळेने घडवले असतील. मी स्वतः त्यांच्याच पुस्तकांवर शिकलो. आमच्या महाविद्यालयात एकच संगणक होता. तो वातानुकूलित खोलीत कुलूपबंद असे, चपला बाहेर काढून, हजेरीपटावर सही करून आठवड्यातून अर्धा तास त्याच्यासमोर बसायला मिळे आणि तेही सर मोकळे असतील तर. त्यामुळे आज्ञावली वहीत लिहायची आणि पुस्तकाच्या आधाराने मनातल्या मनात चालवून पाहायची, हेच आमचे प्रात्यक्षिक होते. यंत्र विद्यार्थ्याच्या हाती देणे किती महत्त्वाचे आहे हे मी तिथे, ते न मिळाल्यामुळे शिकलो.

कानपूरच्या या पायाभरणीच्या काळात संस्थेचे संचालक होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. धारवाडला जन्मलेले, लिव्हरपूलला पीएचडी केलेले, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे आणि पवईच्या आयआयटीची आखणी करणारे केळकर १९५९ ते १९७० अशी अकरा वर्षे कानपूरला होते. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि दरवर्षी मला वाईट वाटते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगता येतो. १९७१ मध्ये एमटेक आणि पीएचडीचे स्वतंत्र अभ्यासक्रम, १९७८ मध्ये बीटेक, १९८३ मध्ये पहिली तुकडी बाहेर आणि त्यानंतर विभागाची पाटी. म्हणजे विभाग होण्याआधीच त्याची पदवीधर तुकडी बाहेर पडली होती! त्या पहिल्याच तुकडीत, पुढे स्टॅनफर्डचे प्राध्यापक आणि गूगलच्या संस्थापकांचे मार्गदर्शक झालेले राजीव मोटवानी होते. पुढे २००२ मध्ये याच विभागातील मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या नुकत्याच बीटेक झालेल्या दोन विद्यार्थ्यांसह एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे बहुपदी काळात, म्हणजे संख्येतील अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, निश्चितपणे ठरवणारी रीत शोधून काढली. शतकानुशतके गणितज्ञांना खुणावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजक्या पानांत मांडणाऱ्या त्या निबंधावर दोन तरुण विद्यार्थ्यांची नावे गुरूच्या बरोबरीने आहेत, हे मला १९६३ च्या त्या वर्गांचेच फळ वाटते.

याच संस्थेतल्या एका कामाचा आपल्याशी अधिक जवळचा संबंध आहे. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांनी सत्तरच्या दशकात महाबलांबरोबर देवनागरी अक्षरे यंत्राकडून ओळखून घेण्याचे संशोधन केले. संगणकावर देवनागरी लिहिण्याचे प्रयत्न तिथे सुरू झाले, मोहन तांबे यांनी त्यांना जिस्ट या भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या तंत्रज्ञानाचे रूप दिले आणि पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत वाढले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा प्रमाणसंकेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला यंत्रासाठी ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, ठरला. जगातील सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताने देवनागरीची मांडणी करताना १९८८ चा हाच संकेत आधाराला घेतला. त्यामुळे 'क' नंतर 'ख' आणि 'ख' नंतर 'ग' हा आपल्या वर्णमालेचा क्रम यंत्राच्या पोटातही तसाच राहिला, आणि ही पोस्ट लिहिताना मी दाबलेले प्रत्येक अक्षर त्याच क्रमातल्या आपल्या जागेवरून पडद्यावर येत आहे.